स्विच नवा, पंखा मात्र ढिम्म: दोष नेमका कुठे शोधायचा

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी एक गोष्ट आठवा. जुना स्विच काढला त्या दिवशी पंखा चालत होता का?

खटका सैल झाला होता, चरचर आवाज येत होता किंवा नुसती प्लेट बदलायची होती, म्हणून स्विच बदलला आणि त्यानंतर पंखा बंद पडला, तर दोष बहुतेक वेळा बोर्डातच असतो, हात लागला तेवढ्याच जागेत. पण पंखा आपोआप थांबला, 'स्विच गेला असेल' म्हणून स्विच बदलला आणि तरी पंखा जागचा हलत नाही, तर जुना स्विच उगाच बदनाम झाला. मूळ दोष रेग्युलेटर, सीलिंग रोज (छतावर पंख्याच्या वायरी जोडायची डबी), कंडेन्सर (मोटरला सुरू व्हायला लागणारा छोटा भाग) किंवा वाइंडिंगमध्ये (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीत) तसाच बसलेला आहे. पहिल्या प्रकारात बोर्डातली प्रत्येक वायर पुन्हा तपासायची. दुसऱ्यात बोर्डावर फार वेळ न घालवता रेग्युलेटरपासून पुढे सरकायचं.

तिसरा प्रकार जळालेल्या स्विचचा. साधारण ७५ वॅटचा पंखा २३० व्होल्टवर जेमतेम पाव ते एक तृतीयांश अँपिअर ओढतो. सहा अँपिअरचा स्विच तेवढ्या भाराने वितळत नाही. तो वितळतो सैल स्क्रूमुळे, किंवा त्याच टर्मिनलवरून (वायर जोडायच्या स्क्रूवरून) पुढच्या सॉकेटला लूप, म्हणजे जोडवायर, गेलेला असतो आणि त्या सॉकेटवर इस्त्री नाहीतर गीझर चालतो म्हणून. अशा वेळी नवा स्विच जुन्याच काळ्या पडलेल्या वायरला जोडून भागत नाही. करपलेलं टोक कापत मागे जा, चकचकीत तांबं दिसलं की थांबा. त्याआधी जोडलेली वायर स्क्रूखाली घट्ट बसल्यासारखी वाटते, पण मधल्या काजळीमुळे संपर्क होत नाही.

दुसरा प्रश्न कानाचा. स्विच चालू करून पंख्याखाली उभं राहा. अगदी शांत आहे की बारीक घुमतोय? घुमतोय म्हणजे सप्लाय मोटरपर्यंत पोचला आहे. स्विच, रेग्युलेटर, न्यूट्रल (वीज परत जायची वायर) सगळं जोडलेलं आहे. बोर्ड उघडू नका, खाली 'घुमतो पण फिरत नाही' या भागाकडे जा. शांत असेल तर इथूनच पुढे.

बोर्ड उघडण्याआधी

नुसता पंख्याचा स्विच बंद करून काम करू नका. स्विच बंद असला तरी त्याच्या एका टर्मिनलवर फेज (जिवंत वायर) कायम असतो. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला त्या लाइनचा खटका, पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण पंख्याचे पॉइंट बहुधा इन्व्हर्टरवरच असतात आणि मेन पाडली की उलट इन्व्हर्टर सुरू होऊन तीच वायर जिवंत ठेवतो. हे विसरून झटका खाणारे पुष्कळ. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो ना ते बघा, मगच बोर्डातल्या वायरींना लावा. मेलेल्या टेस्टरने तपासलेली वायर नेहमीच 'बंद' दिसते.

प्लेट काढलीत की काही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. रंगांवर विसंबू नका. जुन्या वायरिंगमध्ये लाल वायर न्यूट्रल म्हणून वापरलेली सापडते आणि काळी स्विचमधून पंख्याकडे गेलेली.

स्विचच्या जोडणीतल्या चुका

सगळ्यात जास्त सापडणारी चूक टू-वे स्विचची (जिन्यासारखा दोन ठिकाणांहून चालवायचा). वन-वे आणि टू-वे समोरून सारखेच दिसतात, दुकानातून चुकून टू-वे हातात येतो. मागे वळवलं की फरक कळतो. वन-वेला दोन टर्मिनल, टू-वेला तीन. या तिनांतलं कॉमन बहुतेक स्विचमध्ये मधलं असतं. खटका एका बाजूला केला की कॉमन एका कडेच्या टर्मिनलला जोडलं जातं, दुसऱ्या बाजूला केला की दुसऱ्या. कडेची दोन टर्मिनलं एकमेकांना कधीच जोडली जात नाहीत. जुन्या स्विचला दोन वायरी होत्या म्हणून माणूस त्या सवयीने दोन्ही कडांना बसवतो, मधलं मोकळं सोडतो, आणि खटका कितीही वेळा दाबला तरी पंखा हलत नाही. एक वायर मधल्या टर्मिनलवर आणा, काम झालं. मग बंद-चालू उलटं व्हायला लागलं तर कडेची वायर दुसऱ्या कडेला न्या.

शंका असेल तर स्विच सुटा काढून टेबलावर तपासा. मल्टिमीटर बझरवर ठेवा, दोन टर्मिनलांना टोकं लावा, खटका दाबा. एका स्थितीत आवाज आणि दुसऱ्यात शांतता मिळाली तर ती जोडी बरोबर. दोन्ही स्थितींत शांतता म्हणजे एकतर जोडी चुकली किंवा स्विच पेटीतूनच खराब आला. नवा आहे म्हणून चांगलाच असेल असं धरून चालू नका.

इंडिकेटरवाल्या स्विचचंही असंच. त्यातल्या काहींना तिसरं टर्मिनल दिव्याच्या न्यूट्रलसाठी असतं. पंख्याची वायर चुकून तिथे बसली तर पंख्यापर्यंत जाणारा प्रवाह त्या चिमुकल्या निऑन दिव्यातून आणि त्याच्या मोठ्या रेझिस्टन्समधून जातो. दिवा मंद पेटतो, पंखा मुळीच हलत नाही. आणि या गडबडीत न्यूट्रल पंख्याच्या टर्मिनलवर गेला असेल तर खटका दाबताच एमसीबी पडतो.

मॉड्युलर स्विचच्या टर्मिनलमध्ये आणखी एक फसवणूक आहे. आत एक छोटी धातूची पट्टी असते, स्क्रू आवळला की ती वायरला दाबते. नव्या स्विचचा स्क्रू पुष्कळदा अर्धा आवळलेलाच येतो. तो पूर्ण सैल न करता वायर घातली तर ती पट्टीच्या पुढ्यात न जाता मागच्या फटीत जाऊन बसते. स्क्रू घट्ट लागतो, हाताला छान वाटतो, पण वायर मोकळीच. म्हणून आधी स्क्रू पूर्ण सैल करा, वायर घाला, आवळा आणि मग वायर ओढून बघा. ओढून बघितल्याशिवाय एकही जोड पक्का समजू नका.

वायरचं टोक ८ ते १० मिलिमीटर सोला. त्यापेक्षा कमी सोललं की स्क्रूखाली तांब्याऐवजी प्लास्टिक दाबलं जातं, जास्त सोललं की उघडं तांबं टर्मिनलबाहेर राहून शेजारच्या वायरला लागायचा धोका. बारीक तारांची वायर असेल तर तारा पिळून टोक दुहेरी दुमडा, म्हणजे दाबायला जाडी मिळते. दाताने किंवा ब्लेडने सोलताना तारेला खाच पडते आणि प्लेट आत ढकलताना वायर वाकली की ती तिथेच तुटते, इन्सुलेशनच्या आत, बाहेरून काही न दिसता.

आता लूप. बोर्डात फेजची एकच वायर येते आणि ती स्विचवरून स्विचवर उड्या मारत पुढे जाते. त्यामुळे जुन्या स्विचच्या एका टर्मिनलवर एक नव्हे, दोन वायरी होत्या असं निघू शकतं: आलेला फेज आणि पुढे गेलेला लूप. त्या दोन्ही एकत्र एकाच टर्मिनलवर हव्यात, पंख्याकडची (म्हणजे रेग्युलेटरकडची) एकटी दुसऱ्यावर. पंख्याबरोबर शेजारचे दिवेही बंद पडले असतील तर लूपच सुटला आहे, पुढे काही शोधायची गरज नाही. पंखा बंद आणि शेजारचे दिवे पंख्याच्या स्विचने चालू-बंद होत असतील तर लूप चुकून पंख्याच्या बाजूच्या टर्मिनलवर गेला आहे आणि पंख्याची वायर बहुधा बाहेरच लोंबकळते आहे.

इन्व्हर्टर असलेल्या घरात एकाच बोर्डात दोन फेज असू शकतात, एक थेट मेनचा आणि एक इन्व्हर्टरचा. पंखा चालतो पण लाईट गेली की दिवे राहतात आणि पंखाच तेवढा जातो, अशी तक्रार असेल तर पंख्याचा स्विच मेनच्या लूपवर जोडला गेला आहे. हे दोन फेज कुठल्याही टर्मिनलवर एकत्र येऊ देऊ नका. तसं झालं तर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर बाकीच्या घरालाच वीज पुरवायला बघतो. मग तो ओव्हरलोड होऊन बंद पडतो आणि बंद समजलेली वायर जिवंत राहते.

मल्टिमीटरने तुटलेली जागा हुडकणं

हा भाग सप्लाय चालू ठेवून करायचा आहे. उघड्या बोर्डात मीटर लावायची सवय नसेल तर इथे वायरमनला बोलावलेलं बरं.

टेस्टर पेटला म्हणजे सप्लाय आहे, हा मोठा गैरसमज. टेस्टरच्या निऑनला इतका थोडा प्रवाह पुरतो की काजळी धरलेल्या संपर्कातूनही तो पेटतो, आणि शेजारच्या जिवंत वायरीच्या प्रभावाने तुटलेल्या वायरवरही मिणमिणतो. डिजिटल मल्टिमीटरही तसाच फसतो. कुठेही न जोडलेल्या वायरवर तो ५०-८० व्होल्ट दाखवतो. होल्डरमध्ये ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून केलेला टेस्ट लॅम्प खोटं बोलत नाही: पूर्ण उजेडाने पेटला तर सप्लाय खरा.

यापेक्षा पक्की पद्धत अशी. पंखा जोडलेलाच राहू द्या. स्विच चालू, रेग्युलेटर सर्वांत वरच्या वेगावर. मीटर एसी व्होल्टच्या ६०० किंवा ७५० च्या रेंजवर ठेवून दोन्ही टोकं एकट्या स्विचच्या दोन टर्मिनलांवर लावा. जवळजवळ शून्य आलं तर स्विच प्रवाह जाऊ देतोय. २३० च्या आसपास आलं तर स्विचच तुटलेला आहे, आणि बाकीचा सगळा मार्ग, पंख्याच्या वाइंडिंगसकट, शाबूत आहे. एकाच मापात दोन्ही गोष्टी कळतात. मग तीच टोकं रेग्युलेटरच्या दोन टर्मिनलांवर. तिथे पूर्ण व्होल्टेज आलं तर दोष रेग्युलेटरचा. कारण साधं आहे. रांगेत जोडलेल्या मार्गात एकाच ठिकाणी तूट असेल तर सगळं व्होल्टेज त्या तुटीच्या दोन काठांवरच दिसतं.

दोन्हीकडे शून्य आणि तरी पंखा बंद? मग एक टोक रेग्युलेटरच्या पंख्याकडच्या टर्मिनलवर आणि दुसरं खात्रीच्या न्यूट्रलवर, म्हणजे त्याच बोर्डातल्या चालू सॉकेटच्या न्यूट्रलवर धरा. पूर्ण व्होल्टेज आलं तर बोर्डाचं काम संपलं, तूट वर छताकडे आहे. काहीच आलं नाही तर स्विचपर्यंत फेजच पोचत नाही, लूप बघा.

पंखा सोडवून नुसत्या मोकळ्या वायरींवर व्होल्टेज मोजू नका. भार नसताना सैल जोडही पूर्ण २३० दाखवतो आणि रेग्युलेटर कुठल्याही आकड्यावर असला तरी माप तेच येतं.

रेग्युलेटर आणि न्यूट्रल

प्लेट बाहेर ओढली की रेग्युलेटरच्या वायरीही ताणल्या जातात, त्यामुळे स्विच बदलल्यावर रेग्युलेटरची वायर निसटलेली सापडणं अगदी नेहमीचं. सप्लाय बंद करून ती पुन्हा आवळा. तरी शंका असेल तर सप्लाय बंद करून रेग्युलेटरच्या दोन्ही वायरी काढा, एका कनेक्टरमध्ये एकत्र आवळा आणि मग सप्लाय द्या. यालाच रेग्युलेटर डायरेक्ट करणं म्हणतात. पंखा पूर्ण वेगाने फिरला तर रेग्युलेटर बदला. स्विच मात्र मार्गात तसाच राहायला हवा, तो डायरेक्ट करू नका.

स्टेप रेग्युलेटरमध्ये (एकेका आकड्यावर थांबणाऱ्या) खालच्या वेगांसाठी आत कंडेन्सर असतात आणि सर्वांत वरचा वेग थेट असतो. म्हणून पंखा पाचवर चालतो आणि खाली बंद पडतो तेव्हा त्याचे कंडेन्सर गेलेले असतात. पाचवरही चालत नसेल तर आतला फिरता संपर्क किंवा वायर. आणि हो, रेग्युलेटर शून्यावर नाही ना, तेही एकदा बघा. हसू नका, नवी प्लेट दाबून बसवताना बटण सहज फिरतं.

न्यूट्रल तुटल्याची खूण ओळखायला सोपी आहे. स्विच चालू ठेवून सीलिंग रोजच्या दोन्ही टर्मिनलांना टेस्टर लावा. दोन्हीकडे पेटला तर न्यूट्रल तुटलेला. फेज वाइंडिंगमधून फिरून दुसऱ्या टोकाला आलेला असतो, पुढे जायला वाट नसते. एकाच टर्मिनलवर पेटला आणि पंखा शांत, तर सप्लाय आणि न्यूट्रल दोन्ही ठीक असण्याचा संभव जास्त, दोष पंख्याच्या आत. मीटरने दोन टर्मिनलांत पूर्ण व्होल्टेज मिळालं की ते पक्कं झालं. आता स्विच बंद करा. तरीही टेस्टर पेटतच राहिला तर स्विच न्यूट्रलच्या मार्गात बसवलेला आहे. पंखा चालेल, पण बंद असतानाही त्याच्या वायरींत फेज उभा असेल. हे सुधारल्याशिवाय पंख्याला हात लावू नका.

आता एमसीबी आणि इन्व्हर्टर बंद करून सीलिंग रोज उघडा, स्क्रू आवळा. वरची वाटी खाली सरकवून रॉडमधून बाहेर येणाऱ्या वायरी बघा. रॉडच्या काठावर घासून तिथेच वायर कापलेली असू शकते.

घुमतो पण फिरत नाही

सप्लाय बंद करून पाती हाताने फिरवा. जड लागली किंवा अडली तर बेअरिंग धरलं आहे, विजेच्या जोडणीशी संबंध नाही. हलकी फिरत असतील तर हातानेच चांगला वेग द्या, बाजूला व्हा आणि दुसऱ्याला स्विच चालू करायला सांगा. पंखा तसाच वेग पकडत गेला तर कंडेन्सर गेला आहे किंवा स्टार्टिंग वाइंडिंग (पंख्याला सुरुवातीचा जोर देणारी गुंडाळी). चालू पंख्याला काठीने ढकलण्यापेक्षा ही रीत बरी.

कंडेन्सर वरच्या वाटीत असतो आणि त्याच्यावर २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड आणि ४४० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. वाइंडिंग शाबूत असेल तर सप्लाय बंद होताच तो वाइंडिंगमधून रिकामा होतो. वाइंडिंग तुटलेलं असेल तर मात्र भरलेलाच राहू शकतो, म्हणून हात लावण्याआधी त्याच्या दोन वायरींवर टेस्ट लॅम्पची टोकं क्षणभर टेकवा. मीटरवर मोजून आकडा छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली आला असेल तर बदला. आकडा तोच घ्या. पंखा जोरात फिरेल म्हणून मोठा कंडेन्सर लावला तर स्टार्टिंग वाइंडिंग तापून मोटरच जाऊ शकते.

कंडेन्सर चांगला निघाला तर मोटरच्या तीन वायरी सोडवून त्यांचे ओहम मोजा. समजा तीन जोड्यांत २००, २४० आणि ४४० आले. सर्वांत मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका असेल तर दोन्ही वाइंडिंग ठीक आहेत. मोठा आकडा देणाऱ्या दोन वायरींमध्ये कंडेन्सर येतो आणि उरलेली तिसरी कॉमन. एक वायर बाकी दोघींपैकी कुणाशीच ओहम दाखवत नसेल तर तिचं वाइंडिंग तुटलं. तिन्हींपैकी कुठलीही वायर पंख्याच्या लोखंडी अंगाशी ओहम दाखवत असेल तर पंखा शॉक देणारा आहे, तो उतरवा. कंडेन्सर बदलल्यावर पंखा उलटा फिरून वारा वर टाकू लागला, तर सप्लायची वायर कंडेन्सरच्या एका टोकावरून काढून दुसऱ्या टोकावर लावा.

वेगळ्या जातीचे पंखे

बीएलडीसी पंख्याला (ब्रशलेस डीसी मोटरच्या, सहसा रिमोटवर चालणाऱ्या) वरची कंडेन्सरची सगळी तपासणी लागू नाही, त्याला स्वतःचं सर्किट असतं. त्याच्या मार्गात जुना रेग्युलेटर राहिला असेल तर तो अडखळतो, बंद-चालू होतो किंवा सुरूच होत नाही. रेग्युलेटर डायरेक्ट करा, रिमोटचे सेल बघा आणि रिमोटवरूनच सुरू करून पाहा.

साखळी ओढून चालवायच्या पंख्याचा स्विच मोटरच्या खालच्या डबीत असतो. त्यावर एल, १, २, ३ असे छापलेले असतात. एलवर फेज. तिथे दुसरी वायर बसली तर पंखा मुका किंवा एकाच वेगावर चालणारा. शिवाय प्रत्येक ओढीला कुठली टर्मिनलं एलशी जोडली जातात हा क्रम सगळ्या स्विचांत सारखा नसतो, त्यामुळे जुन्यावरचा क्रम आणि नव्यावरचा जुळवूनच घ्या.

दोन ठिकाणांहून चालणारा पंखा एका स्विचच्या एकाच स्थितीत चालत असेल तर बदललेल्या टू-वेची कॉमन वायर कडेला गेलेली आहे.

दोष सापडला की बोर्ड बंद करताना वायरी स्विचच्या मागे चेपू नका, खोक्याच्या तळाशी वळवून बसवा. प्लेटचे स्क्रू लावल्यावर पंखा पूर्ण वेगावर अर्धा तास चालू द्या आणि मग प्लेटवर हात ठेवा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर खालच्या वेगावर जरासा कोमट लागणं चालेल. स्विच कोमट लागला तर एमसीबी पाडून त्याचा स्क्रू पुन्हा आवळा.